सांगून सांगून घडलेलं

गडहिंग्लजच्या शिंत्र्यांच्या घरात गेली तीन वर्षं गिरिजाचा शब्द कधी खाली पडला नव्हता. टीव्हीवर काय लावायचं ते गिरिजा ठरवायची, भाकरी पातळ हवी की जाड ते गिरिजा ठरवायची, आणि घरच्या मिरची कांडपाच्या धंद्यात कुठल्या गिऱ्हाइकाला आधी घ्यायचं तेही तीच सांगायची. ती काही घरातली थोरली नव्हती. मल्लिकार्जुन शिंत्र्यांची ही धाकटी बहीण. लग्न केलेलं नाही, जिभेला धार, मनानं बरी. तिच्या शब्दाला एवढं वजन आलं होतं ते तिच्या वहिनीमुळं. मल्लिकार्जुनची बायको पल्लवी गिरिजाला कशालाच नाही म्हणत नसे.

गावाला याचं केवढं कौतुक! मिरच्यांची पोती मांडीशी धरून नंबर लावून बसलेल्या बायका म्हणायच्या, "भावजय असावी तर अशी. आमच्या घरात नणंद पाण्याला तरसंल." पल्लवी ते ऐकून हसल्यासारखं करायची आणि यंत्राचा आवाज वाढवायची. तिला ते कौतुक सोसायचं नाही. आपण चांगल्या म्हणून गिरिजाला जपतो असं लोकांना वाटतं, आणि खरं कारण वेगळंच आहे, हे तिला एकटीला ठाऊक होतं. निदान तिची तशी खात्री होती.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दोघी ओढ्यापलीकडच्या एका ओळखीच्या शेतावर मिरचीची लागवड बघायला निघाल्या होत्या. डांबरी रस्त्यानं गेलं तर लांबचा वळसा, साकवावरून गेलं तर जवळ. साकव म्हणजे दोन ओंडके आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. मधली फळी कुजली होती. ती मोडली आणि गिरिजा खालच्या दगडांवर आपटली. डाव्या पायाचं हाड गुडघ्याच्या वर-खाली दोन्हीकडं मोडलं, डोक्याला मार लागला. पाय जेमतेम वाचला. आता त्याला छोट्या मोटारीवर चालणारा आधाराचा पट्टा बांधून ती चालायची. डोक्याच्या मारानं मात्र तो अख्खा दिवस तिच्या आठवणीतून पुसला गेला, अगदी सकाळच्या चहासकट.

म्हणजे तो दिवस उरला फक्त पल्लवीजवळ. आणि त्या दिवसात एक ओला हात होता. गिरिजाचा हात पल्लवीच्या हातात होता, आणि पल्लवीची बोटं उघडली. हे तिला स्पष्ट दिसायचं. भाजलेला पापड मोडल्याच्या आवाजानंसुद्धा दिसायचं. त्यानंतर तिनं कुणाचाच हात धरला नव्हता. नवऱ्याचाही नाही. गिऱ्हाइकाला डबा द्यायचा तर ती ओट्यावर ठेवून सरकवायची. गिरिजाला पायरी चढताना आधार लागला तर खांदा पुढं करायची, हात नाही.

एक दिवस मिरच्या घेऊन आलेली एक म्हातारी कांडपाच्या पायरीवर घसरली आणि तिनं आधारासाठी पल्लवीकडं हात टाकला. पल्लवी झटक्यानं मागं सरली. म्हातारी पडली. लागलं फारसं नाही, पण जमिनीवरून वर बघत ती म्हणाली, "असं गं कसं बाई?" त्या रागावण्यात राग कमी आणि नवल जास्त होतं. दुसऱ्याच आठवड्यात मल्लिकार्जुननं पल्लवीला कोल्हापुरात डॉ. हुमा मुजावर यांच्याकडं नेलं.

डॉक्टरीणबाई मानसशास्त्रातल्या. बोलायला शांत, हसायला मोकळ्या. त्यांच्याकडं एक नवी टोपी आहे आणि ती घातली की माणसाच्या आठवणी बऱ्या होतात, अशी जिल्हाभर ख्याती झाली होती. पल्लवीनं पहिल्याच भेटीत विचारलं, "टोपी कधी घालायची?"

"टोपीनं कुणी बरं होत नाही," हुमाताई म्हणाल्या. "टोपी फक्त बघते. बरं व्हायचं काम आपल्यालाच करायचं आहे."

आणि ते काम म्हणजे जुन्या पद्धतीचंच, सावकाशीचं होतं. छातीत धडधडायला लागलं की श्वास कसा लांबवायचा. टाळलेल्या गोष्टींकडं एकेक पाऊल कसं टाकायचं. आधी पुलाचं चित्र, मग पुलाच्या तोंडाशी उभं राहणं, मग पूल. घडलेलं सगळं डोळे मिटून, वर्तमानकाळात, मोठ्यानं सांगायचं, पुन्हा पुन्हा, आतली भीती थकेपर्यंत. पल्लवी कामसू बाई. तिनं हे सगळं मनापासून केलं. उन्हाळा संपेपर्यंत ती हिरण्यकेशी नदीचा पूल एकटीनं ओलांडायला लागली, झोपायला लागली, पापडाला दचकेनाशी झाली. पण तो हात जागचा हलेना. बाकीची भीती उतरली आणि हाताचा अपराध होता तसाच राहिला.

"आता टोपी," हुमाताई म्हणाल्या.

त्यांनी ती समजावून सांगितली ती अशी. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आठवताना मेंदू ती पुन्हा बाहेर काढतो, आणि परत ठेवताना नव्यानं रचून ठेवतो. मधले काही तास ती कच्ची असते. त्या वेळात कानावर जे पडेल, तोंडातून जे निघेल, ते तिच्यात मिसळून तिच्याबरोबरच पक्कं होऊ शकतं. हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं, माणसांत ते कितपत होतं यावर वादही होते. नवीन होतं ते एवढंच, की टोपीतले संवेदक मेंदूतले चुंबकीय तरंग इतके बारकाईनं टिपायचे, की आठवणीचा कुठला तुकडा कुठल्या वाटेनं आत आला ते कळे. पाहिलेला तुकडा आठवताना पाहण्याचा भाग जागा होतो, ऐकलेल्याला ऐकण्याचा, स्पर्शाला स्पर्शाचा. आणि जे आपण स्वतः बोललो होतो ते आठवताना जीभ-ओठ हलवणारा भाग किंचित थरारतो, तोंड मिटलेलं असलं तरी. पडद्यावर त्याचे रंग उमटत. पाहिलेलं निळं, ऐकलेलं पिवळं, स्पर्शाचं हिरवं, स्वतः बोललेलं तांबडं.

"पण एक लक्षात ठेवा," हुमाताई म्हणाल्या, "काय घडलं ते टोपी सांगत नाही. आठवण कुठल्या दारानं आली तेवढंच सांगते. म्हणून तर कोर्टात हिला कुणी विचारत नाही. आणि त्या दिवशी सोबत कुणाला आणायचं ते विचार करून ठरवा. आठवण कच्ची असताना जवळचं माणूस जे बोलेल ते आत जाईल."

पल्लवीनं नवऱ्याला न्यायचं ठरवलं होतं. पण गिरिजानं ऐकलं मात्र, आणि ती तयार होऊन बसली. "तीन वर्षं माझ्या दवाखान्याला तू आलीस. आता मी येणार." पल्लवीला तिला नाही म्हणता येत नव्हतं, हाच तर आजार होता. ती बरं म्हणाली.

विजेच्या एसटीत गिरिजा खिडकीशी बसली. ती जागा तिचीच. निपाणी मागं पडेपर्यंत ती गप्प होती, आणि गिरिजा गप्प असणं ही साधी गोष्ट नव्हती.

"वैनी, एक इचारू?"

"विचार की."

"तू बरी झालीस म्हंजे मला इचारशील न्हवं?"

ती हसतच म्हणाली होती, पण नजर बाहेर होती. गिरिजाला सगळं कळत होतं तर. वहिनी आपल्याला जपते ती मायेनं की अपराधानं, हे तिनं कधीच ओळखलं होतं, आणि अपराध गेला तर मागं काय उरेल याची तिला धास्ती होती. पल्लवीला तरी ते कुठं ठाऊक होतं? "काहीतरीच काय बोलतेस," एवढंच ती म्हणाली.

खोलीत एक आरामखुर्ची, एक पडदा आणि बाजूला साधी खुर्ची. सोबतीचं माणूस बाहेर बसावं अशी रीत होती. "मी आत बसू?" गिरिजानं विचारलं आणि पल्लवीनं मान हलवली. हुमाताईंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "मी सांगेपर्यंत बोलायचं नाही," त्या गिरिजाला म्हणाल्या. गिरिजानं ओठांवर बोट ठेवलं.

पल्लवीनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. ओढ्याला पाणी आहे. पाऊस भुरभुर. गिरिजा पुढं, तिची पाठ दिसते, पिवळा रेनकोट. पडद्यावर निळं पाणी हलल्यासारखे पट्टे सरकत होते, मधून ओढ्याच्या आवाजाचा पिवळा.

"तुमच्या हातात काय आहे?" हुमाताईंनी हळूच विचारलं.

"चपला. चिखल होता म्हणून काढून घेतल्यात. डाव्या हातात. पट्टा बोटांत रुततोय. उजव्या हातात छत्री. दांडा गार आहे."

पडद्यावर लख्ख हिरवं.

"पुढं?"

"फळी मोडते. आवाज येतो. गिरिजाचा हात माझ्या हातातून..." पल्लवीचा आवाज चिरकला. "मी सोडते."

पडद्यावर निळं नाही, पिवळं नाही, हिरवं तर टिपूसभरही नाही. नुसतं तांबडं, काठोकाठ.

हुमाताईंनी तिला श्वास घ्यायला लावला, पाणी दिलं, आणि पडदा तिच्याकडं वळवला. "चपलेचा पट्टा तीन वर्षांनंतरही तुमच्या बोटांना आठवतोय. गिरिजाताईंचा हात मात्र बोटांना आठवत नाही. तो तुमच्या जिभेला आठवतोय. हे तुम्ही पाहिलेलं किंवा धरलेलं दिसत नाही. हे तुम्ही बोललेलं आहे. खूप वेळा. कुणाला सांगितलं होतं?"

कुणाला नाही सांगितलं? पल्लवीच्या डोळ्यांपुढं दवाखान्याचा व्हरांडा उभा राहिला, आणि समाचाराला येणारी माणसं. आपल्याकडं कुणाला काही झालं की सगळी सोयरीक भेटायला लोटते. नारळपाणी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: झालं कसं? पेशंट बेशुद्ध, सासू, म्हणजे अव्वा, रडतेय, नवरा औषधांसाठी धावतोय, मग सांगणार कोण? सून सांगणार. ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. ज्याला अर्धं सांगितलं तो रुसायचा. आणि सांगताना आपल्याकडं थोडा दोष घेणं ही तर चालच. "आम्ही काही केलं नाही" असं समाचाराला आलेल्या माणसाला कोण तोंड वर करून सांगतं?

आधी ती म्हणाली, मी जवळ असायला पाहिजे होतं. मग, धरायला पाहिजे होतं. पुढच्यांना, नीट धरलं नाही. शेवटच्यांना, हात सोडला. प्रत्येक वेळी आठवण कच्ची, प्रत्येक वेळी वरून एक पापुद्रा. शेवटी तो हात तिला दिसायलाच लागला.

"पण पहिल्यांदा," हुमाताई म्हणाल्या, "अगदी पहिल्यांदा असं का म्हणालात?"

तेही आठवलं. अगदी काल घडल्यासारखं. आणि पल्लवी थबकली, कारण ते सांगायचं तर गिरिजासमोर सांगावं लागणार होतं. न सांगावं तर गिरिजाच्या मनात वहिनीनंच हात सोडला हे कायम राहणार, घर जसं चाललं होतं तसंच चालणार. सांगावं तर आपल्या डोक्यावरचा दगड उचलून त्या लंगड्या पोरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. पल्लवीला त्या क्षणी टोपीचा आणि डॉक्टरांचा, दोघांचाही मनापासून राग आला. कळलं नसतं तर काय बिघडलं असतं?

"मी बोलू का?" गिरिजानं विचारलं. हुमाताईंनी पल्लवीकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

"साकवावरनं जायचं कुणाच्या डोक्यात आलं, वैनी? तुझ्या? तू तर रिक्षाबिगर पेठंत जात न्हाईस."

पल्लवीनं नजर पडद्याकडं वळवली.

"माझ्या न्हवं?"

"तू म्हणालीस रस्त्यानं लई वळसा पडतोय," पल्लवी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी नको म्हणत होते. तू ऐकलं नाहीस. भरभर पुढं गेलीस. मी अलीकडं... मी अजून काठावरच होते, गिरिजा. मी साकवावर पाय पण ठेवला नव्हता." तिला रडू फुटलं. "दवाखान्यात नेसरीची आत्या आली. म्हणाली, लगीन न झालेली हट्टी पोरगी, कुणाचं ऐकायची न्हाई, असंच व्हायचं तिचं. तू आत बेशुद्ध. अव्वा ऐकत होत्या. मला ते सोसलं नाही. मी म्हटलं, तिचा नाही दोष, मीच नेलं, मीच नीट धरलं नाही. एकदा म्हटल्यावर पुढच्याला वेगळं कसं सांगणार?"

हुमाताईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढं केला. मग गिरिजा हसली. आधी नाकातल्या नाकात, मग चांगली खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पल्लवीला वाटलं हिला धक्का बसला. हुमाताईसुद्धा खुर्चीत पुढं सरकल्या.

"म्हंजे मी पडले! माझी मी पडले!" गिरिजा म्हणाली. "वैनी, तीन वर्षं मी एक पिशवी हाय गं. कुणाच्या तरी हातनं पडल्याली पिशवी. जो येतोय तो माझ्याकडं बघून चुकचुकतोय आणि तुझ्याकडं बघून मान हलवतोय. मला त्यातलं एक अक्षर आठवत न्हाई. माझा पाय मोडला त्यात मी कुठं हायच न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "आता निदान कळलं तरी. मला जायचं हुतं, मी गेले, आणि फळी मोडली. हे मला चालतंय. त्या आत्याला काय वाटायचं ते वाटू दे."

पल्लवी तिच्याकडं बघतच राहिली. दगड समजून जो लपवला होता, तो हिनं हौसेनं ओटीत घेतला होता. इतकी वर्षं आपण हिला जपलं आणि हिचाच हट्ट हिच्यापासून लपवून ठेवला, हे लक्षात येऊन तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त हलकं वाटलं.

हुमाताईंनी आता घाई केली. आठवण कच्ची होती, हीच वेळ होती. त्यांनी पल्लवीला सगळं पुन्हा सांगायला लावलं, पण जसं होतं तसं: काठ, चपला, छत्री, पिवळी पाठ, मोडलेली फळी. गिरिजा मध्येच म्हणाली, "पुढं मी होते, हे नीट सांग," आणि तिला दटावावं लागलं. तिसऱ्या खेपेला तांबडं फिकं पडलं होतं. पुरतं गेलं नव्हतं. "आणखी काही बैठका लागतील," हुमाताई म्हणाल्या. "आज सांजेपर्यंत अपघाताचा विषय काढू नका. कुणी समाचार घ्यायला आलं तर दार लावून घ्या. साधं बोला, जे रोज बोलता ते."

जिना उतरताना गिरिजानं सवयीनं खांद्यासाठी हात वर केला, आणि पल्लवीनं तो हातात घेतला. तिच्या तळव्याला दरदरून घाम सुटला. तरी खालच्या पायरीपर्यंत तिनं तो सोडला नाही.

परतीच्या गाडीत मात्र खिडकीची जागा आली आणि गिरिजा आत सरकायला लागली. पल्लवी आधीच आत बसली होती.

"सरक की," गिरिजा म्हणाली.

"नाही," पल्लवी म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि ती स्वतःच दचकली. मग तिला तो आवडला. "नाही सरकत. जाताना तू बसलीस."

"मला पाय लांब करायला लागतोय!"

"तो इकडच्या बाजूनंच लांब होतोय, वाटेच्या. मला काय कळत नाही होय? तीन वर्षं बघते मी. खिडकीकडं तुला पाय नको, वारा पाहिजे."

"वैनी!"

"आणि ती टीव्हीवरची मालिका. मला ती बघवत नाही. त्या बाईला एकदाचा घटस्फोट घेऊ दे म्हणावं. आणि भाकरी तुला जाड पाहिजे असली तर तू थाप. हात काय मोडला नाही तुझा."

मागच्या बाकावरची बाई पुढं वाकली. गिरिजाचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि मग ते बंद व्हायच्या आत तिनं तोफ डागली. वहिनीच्या आमटीला चव नसते. वहिनी गिऱ्हाइकांत आवडनिवड करते. वहिनी तीन वर्षं असं काही तोंड करून जेवण वाढते की जेवणारा आजारी पडावा. "एक जण भांडंल तर शप्पथ! मी भिंतीशी भांडायची का? आधी किती भांडायचो आपण! काय झालं म्हंजे बरं गं, बरं गं. मेलं ते बरं गं ऐकून ऐकून माझ्या कानाला भोकं पडली!"

कागलच्या पुढं कंडक्टरनं येऊन विचारलं, "ताई, काही प्रॉब्लेम?" "आमचं घरचं हाय," दोघी एकदम म्हणाल्या. भांडता भांडता पल्लवीला वाटून गेलं, आठवण अजून कच्ची आहे, हे सगळं तिथं जाऊन बसेल, ओढ्याशेजारी, फळीशेजारी. बसू दे. आणि ती आमटीच्या मुद्द्यावर परत आली, कारण तो मुद्दा साफ खोटा होता.

एसटीतून उतरल्यावरही ते मिटलं नाही. रिक्षात चाललं, गल्लीत चाललं. कांडपाच्या दाराशी बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. घराच्या पुढच्या सोप्यात मल्लिकार्जुन काळजीनं उठून उभा राहिला. कोल्हापुरात बायकोला काय होऊन बसलं, बहिणीला काय झालं, त्याला काही उमगेना. तो पुढं होणार तेवढ्यात आतून म्हाताऱ्या अव्वांचा आवाज आला. त्या गेली तीन वर्षं या घरात फार हळू बोलायच्या. आज त्यांनी खणखणीत हाक मारली.

"मल्लू, मध्ये पडू नकोस. बऱ्या होऊन आल्यात दोघी. च्या टाक."